चौतीस टक्क्यांवरचा नाच

टॅमरॅकहून वेन्सेलला जायला गाडीने पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास अर्डिस व्होंड्रा एकटीच बोलत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मार्चमधलं मळकं बर्फ वितळत पडलं होतं, शेताशेतांतून काळ्या मातीची ठिगळं डोकावत होती. तिचा नवरा लायल गाडी चालवत होता आणि मधून मधून "हं" म्हणत होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या 'हं'चे किती अर्थ होतात हे अर्डिसला पाठ होतं. आजचा 'हं' रिकामा होता. कानातलं यंत्र घालूनही त्याला निम्मंच ऐकू येई, आणि गाडीच्या घरघरीत तर निम्म्याचंही निम्मं.

"आज निशाण नाही मिळालं ना," अर्डिस म्हणाली, "तर वेन्सेलची ती रोवेना ते कायमचं ठेवून घेणार. कॉफीच्या बंबावर टांगून ठेवलंय तिनं. माझ्या आईनं शिवलेलं निशाण, आणि त्याला कॉफीची वाफ."

"हं," लायल म्हणाला.

निशाणाची गोष्ट अशी. चौकोनी नाचाची मंडळं त्या मुलुखात गावोगाव, आणि त्यांच्यात एक जुनी खोडी चालते. एका मंडळाचे आठ नाचणारे, म्हणजे एक पुरा चौकोन, दुसऱ्या मंडळाच्या नाचाला जातात, तिथे एक फेरा नाचतात आणि त्यांचं निशाण पळवून आणतात. ज्याचं गेलं त्यानं आपले आठ घेऊन जावं, एक फेरा नाचावा, सोडवून आणावं. वर्षाच्या आत आणलं तर आपलं. नाही आणलं तर पळवणाऱ्याचं.

टॅमरॅकच्या मंडळाचं नाव काउबेल. अर्डिसच्या आईनं निशाण शिवलं ते नाचाच्या जुन्या घागऱ्यांच्या तुकड्यांचं, आणि खालच्या काठाला मधोमध एक खरीखुरी पितळी घंटा लावली. घरच्या पहिल्या गाईच्या गळ्यातली. गेल्या मार्चमध्ये वेन्सेलवाले ते घेऊन गेले तेव्हा काउबेलमध्ये बाराजण होते. वर्षभरात एकजण मुलीकडे ॲरिझोनाला गेला, एकीनं नाच सोडला, दोघं देवाघरी गेली. उरले नेमके आठ. त्यातही कॉर्लिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन परवा मंगळवारी. आणि वर्ष भरत होतं येत्या गुरुवारी. म्हणजे आज रविवार दुपारचा नाच हा शेवटचा. आज आठ होते. परवापासून सात.

वेन्सेलच्या हॉलचं दार उघडलं तशी आत कुठेतरी घंटा किणकिणली. कॉफीच्या बंबावर, वाऱ्यानं हललेलं निशाण.

"आलीस का," रोवेना स्टोडोला म्हणाली. वेन्सेलची निशाणं, नियमांची वही आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे असे. शाळेत दोघी एका बाकावर बसत, आणि एकमेकींची पेन्सिल लपवायची सवय दोघींचीही मोडली नव्हती. "मला वाटलं, तुम्ही आता निशाणावर फुली मारून टाकली असेल."

"आठजण आलोत. मोज."

"मोजते ना. कॉर्लिस लंगडतेय."

"लंगडणारीला अर्धी धरायचं असं वहीत लिहिलंय का?"

रोवेनानं खरंच वही चाळली. "नाही," ती जरा नाराजीनंच म्हणाली.

आठवा माणूस सगळ्यांत शेवटी आला, आपला ट्रक घेऊन. मर्ल. त्याच्या साठ गाई. पाचला दूध काढायचं म्हणजे काढायचं, तिथे देवाचीही सबब चालत नाही. "पावणेचारला मी निघणार," तो टोपी काढता काढता म्हणाला. "आणि बर्फाचं वादळ येतंय म्हणतात. ते लवकर आलं तर मीही लवकर निघालो समजा."

अर्डिसच्या जिवाला तेवढं पुरलं. ती थेट मंचावर गेली. तिथे डुएन आपली वायर-जुळवणी करत होता. डुएन वेन्सेलचा पुकारणारा, म्हणजे माइक घेऊन नाचणाऱ्यांना पुढची चाल सांगणारा. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मऊ स्वभावाचा माणूस. त्याच्या पुढ्यात लॅपटॉप. गाणी त्याच्यात, चाली त्याच्यात, सगळा संसार त्याच्यात. आणि तो लॅपटॉप डुएननं दोन वर्षं इंटरनेटपासून सोवळ्यात ठेवला होता.

"डुएन, जरा बघ ना, वादळ कुठवर आलंय."

"ह्याच्यावर? नको हो अर्डिस. हा कुठे जोडला की अंगात येतं त्याच्या. अपडेट करू का, अपडेट करू का. मी आपला 'नंतर' म्हणून जोडणी तोडून टाकतो."

"मर्ल बघ कसा दाराकडे तोंड करून बसलाय. फक्त ढग बघायचे. एक मिनिट."

हॉलमध्ये मागच्याच आठवड्यात नवं वाय-फाय आलं होतं. डुएनला म्हाताऱ्या माणसांना नाही म्हणता येत नसे. त्यानं जोडलं. ढग अजून पश्चिमेला मिनेसोटात होते, सातच्या आधी येत नव्हते. मर्लनं खुर्ची फिरवली, अर्डिसनं निःश्वास सोडला, सगळं गोड झालं. फक्त जोडलेलं तोडायचं राहून गेलं.

दोन वाजता नाच सुरू झाला. पाहुण्यांनी आधी विखरून यजमानांच्या चौकोनांत नाचावं अशी रीत आहे, आल्या आल्या आपलंच घोडं दामटायचं नाही. म्हणून दोन फेरे काउबेलवाले इकडे तिकडे नाचले. लायल नेहमीसारखा अर्धा ठोका मागे. सगळे उजवीकडे वळले की तो वळे, आणि तोवर बाकीचे डावीकडे निघालेले असत. त्याच्या यंत्रात गाणं आणि पुकारा एकात एक कालवून जात, जसं दाण्यात खडे. तो कुणाच्या तरी कोपराकडे बघून नाचायचा आणि हसत राहायचा.

मग ॲपल-पाय, कॉफी आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. आणि नंतर निशाणाचा फेरा. काउबेलचे आठजण एकत्र.

तीन वाजून पाच मिनिटांनी रोवेनानं वही उघडली, काउबेलवाले हॉलच्या मधोमध चौकोन करून उभे राहिले, चार जोड्या, चार दिशांना. अर्डिसचा हात लायलच्या हातात. डुएननं माइक उचलला, बटण दाबलं. गाण्याचे चार सूर आले, आणि थांबले.

सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं. डुएन लॅपटॉपकडे पाहत होता. लॅपटॉप कुणाकडेच पाहत नव्हता. त्याचा पडदा निळा झाला होता आणि मधे ठिपक्यांचं एक कडं संथ गरगरत होतं, जणू हॉलमध्ये नाचायचा मान आता त्याचाच.

"काय म्हणतोय तो?" मर्लनं विचारलं.

डुएननं वाचून दाखवलं. "अपडेट चालू आहे. दोन टक्के. संगणक बंद करू नका."

"मग 'नंतर' म्हण ना."

"आता विचारत नाही तो. मघाशी एकदा विचारलं असणार. मी कोलाचे खात होतो."

पहिल्या दहा मिनिटांत लोक हसले. वेन्सेलच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की त्याच्या नातीचं लग्न ऐन वेळी असंच अडलं होतं. दुसरा म्हणाला, "बंद करून चालू कर." डुएन म्हणाला, "बंद करू नका लिहिलंय." तिसरा म्हणाला, "लिहिणारा इथे बघायला थोडाच येतोय." तरी हात लावायची छाती कुणाचीच झाली नाही. कुणीतरी आपला फोन पुढे केला, ह्याच्यावर गाणं लाव म्हणाला. हॉलचा ॲम्प्लिफायर एकोणीसशे ऐंशी सालचा, त्याला जाड पिनेची वायर. नव्या फोनाला तसलं भोकच नव्हतं. फोन नुसताच लावून पाहिला. डबीत कोंडलेल्या डासानं गावं तसा आवाज आला, तो पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही.

तीन वीस. चौदा टक्के.

अर्डिस मंचापाशी गेली. "डुएन, गाणं नसलं तर नसलं. तू नुसतं पुकार. आम्ही टाळ्यांवर नाचू."

डुएननं माइक खाली ठेवला, आणि आवाजही. "मला चाली पाठ नाहीत, अर्डिस. मी वाचतो. पडद्यावर ओळी येतात, मी म्हणतो. मागच्या ओळीनंतर कुठली, ते मला ठाऊकच नसतं." तो शरमेनं लाल झाला होता. "तुमचे वडील कसे करायचे हो?"

अर्डिसचे वडील मायलो. चाळीस वर्षं टॅमरॅकच्या धान्यकोठारांत, शाळांत, लग्नांत पुकारणारे. त्यांच्यापाशी ना पडदा ना कागद. पहाटे गोठ्यात दुधाचे कॅन धुताना ते ओळी जोडत आणि पोरगी शेजारी उभी राहून झाकणं पुसत ऐके. बाईमाणसानं पुकारायचं नाही असा काही नियम नव्हता, पण पुकारलंही कुणी नव्हतं. त्या ओळी अर्डिसच्या तोंडात तशाच राहिल्या. कणीक तिंबताना ती म्हणे, इस्त्री करताना म्हणे. माणसांसमोर कधीच नाही.

"बत्तीस," मंचाजवळच्या कुणीतरी सांगितलं. एकदम उडी घेतली होती. हॉलमध्ये आशा पसरली. मग ते कडं चौतीसवर येऊन थांबलं आणि गरगरत राहिलं. तीन तीस. चौतीस. तीन पस्तीस. चौतीस.

मर्लनं टोपी घातली.

"दहा मिनिटं आहेत अजून," अर्डिस म्हणाली.

"ती मी दाराशी काढतो. मला वाईट वाटतंय, अर्डिस. पण गाईंना टक्के कळत नाहीत."

कॉर्लिस खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. नजर निशाणावर होती. त्यातला निळा तुकडा तिच्याच घागऱ्याचा होता. ती तो घालून एकोणिसाव्या वर्षी नाचली होती, आणि त्याच रात्री तिला तिचा नवरा भेटला होता.

अर्डिस पुन्हा चौकोनाच्या जागी जाऊन उभी राहिली. "या सगळे," ती म्हणाली. "मर्ल, तूही. मी पुकारते."

"पुकारणारा मंचावर असतो," रोवेना वही छातीशी धरून म्हणाली. "तू मंचावर गेलीस तर चौकोनात सात."

"मी मंचावर जात नाही. नाचता नाचता पुकारते. वहीत बघ, पुकारणाऱ्यानं कुठे उभं राहायचं ते लिहिलंय का."

पानं फडफडली. "लिहिलेलं नाही," रोवेना म्हणाली. "पण चौथा नियम आहे. 'फेरा वाद्याच्या साथीनं व्हावा.' टाळी हे वाद्य नाही."

"रोवेना, तू शाळेतही अशीच होतीस."

"आणि तू शाळेतही नियम न वाचता हात वर करायचीस."

मर्ल दोघींच्या मधे उभा, टोपी अर्धी उतरवलेली. रोवेनानं वही मिटली. मग ती वळली, कॉफीच्या बंबापाशी गेली, स्टुलावर चढली आणि निशाण काढून घेऊन आली. ते तिनं डाव्या हातात उंच धरलं, उजव्या हातात कॉफीचा चमचा घेतला आणि पितळी घंटेवर एक ठोका दिला. हॉल घुमला.

"हे वाद्य," ती म्हणाली. "चुकलीस तर निशाण परत बंबावर. चौकोन मोडला तर फेरा मोडला."

घंटा वाजू लागली. टण, टण, टण, टण. गाय कुरणातून घरी येते तशी, ना घाई ना आळस. अर्डिसनं दोन ठोके जाऊ दिले. तिसऱ्या ठोक्याला तिला दुधाच्या कॅनचा वास आला, चौथ्याला झाकणाचा गार काठ बोटांना लागला, आणि पाचव्याला ओळ आपोआप बाहेर आली.

"वाका आपल्या जोडीदाराला, वाका शेजाऱ्याला,
हातात हात घ्या रे आठ, दूध चाललंय विकायला."

आठ जणांचं कडं फिरलं. वेन्सेलवाल्यांनी पायांनी ठेका धरला.

"डावा हात शेजाऱ्याला, उजवा आपल्या घरच्याला,
साखळी करून चाला गं, साय मिळेल कुणाला?"

ती स्वतः चालत होती, हात देत होती, घेत होती आणि दोन ओळी पुढचं बघत होती. बाहेर उभं राहून चौकोन दिसतो तसा आतून दिसत नाही. आतून दिसतात फक्त हात. पण वडील म्हणत, हातच बघायचे, चेहरे खोटं बोलतात. मधे एकदा लायल समोरून आला. तिनं सवयीनं त्याच्यासाठी अर्धा ठोका थांबायची तयारी केली, आणि तो बरोबर वेळेवर तिच्या हातात होता. पुढच्या वळणालाही वेळेवर. तिच्याकडे पाहून त्यानं भुवया उडवल्या, आपल्यालाच नवल वाटावं तशा.

पहिला नाच संपला. फेरा म्हणजे दोन. दुसरा उचलला, आणि त्याच्या अधेमधे कॉर्लिसचा गुडघा अडकला.

अर्डिसला ते दिसलं नाही, कळलं. साखळीत एक हात यायचा तो आला नाही. हातांची माळ तिथे सैल झाली, मर्ल चुकीच्या बाईकडे वळू लागला. आणखी दोन ठोके गेले असते तर चौकोनाचा गोंधळ झाला असता. डुएनच्या मशीनवर झालाच असता. गाणं कुणासाठी थांबत नाही. पण मायलोनं पोरीला सांगून ठेवलं होतं की ओळ म्हणजे दावं. जनावर मागे राहिलं की लांब सोडायचं.

"थांब गं गाई, थांब गं बाई,
फाटक उघडायची नाही घाई,
एक पाय बर्फात, एक पाय लोण्यात,
मागची आल्याबिगर पुढची जात नाही."

सात जण जागच्या जागी डुलत राहिले. रोवेनाचा चमचा हळू झाला. नियमात ठोका किती जलद ते लिहिलेलं नसावं. कॉर्लिसनं दात आवळले, पाय सोडवला, एक पाऊल, दुसरं.

"थांब गं गाई, थांब गं बाई,
चांदणं पडल्याबिगर रात होत नाही,"

आणि कॉर्लिसचा हात मर्लच्या हातात पडला. माळ ताठ झाली.

"आली रे आली, फाटकात आली,
ज्याची त्याला दारात मिळाली,
वाका जोडीदाराला, वाका शेजाऱ्याला,
दूध गेलं विकायला, आता घरी चला."

आठजण आपापल्या जागी उभे होते, ज्याची त्याच्या शेजारी. घंटेचा शेवटचा सूर हॉलच्या छताला जाऊन चिकटला. तीन त्रेचाळीस झाले होते.

मर्लनं टोपी नीट घातली, कॉर्लिसला खुर्चीपर्यंत नेलं आणि गेला. जाताना दारात म्हणाला, "त्या गाईच्या ओळी मला लिहून दे. गोठ्यात लावतो."

रोवेनानं निशाणाची घडी केली. ती कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करत होती. वर्षभरात त्याला कॉफीचा एकही डाग पडला नव्हता. अर्डिसनं पाहिलं, बंबाच्या वर भिंतीला वाफ अडवायला पत्र्याचा एक तुकडा नीट ठोकलेला होता.

"हे कुणी लावलं?"

"मला काय ठाऊक," रोवेना म्हणाली. "मे महिन्यात येणार आम्ही. आठजण. पुन्हा नेणार."

"या ना. कोलाचे करून ठेवते."

"तुझे नकोत. तू खसखस कमी घालतेस."

मंचावर लॅपटॉप एकदाचा शंभराला पोचला, काळा झाला, उजळला आणि डुएनला म्हणाला, नमस्कार, तुमच्यासाठी सगळं सज्ज करतो आहोत. मग पुन्हा एक टक्का. डुएननं त्याचं झाकण हलकेच मिटलं, खुर्ची ओढून अर्डिसजवळ बसला आणि खिशातून पेन्सिल काढली. "ती थांबवायची ओळ," तो म्हणाला, "ती पहिल्यांदा कुठे घ्यायची?"

"लिहू नकोस," अर्डिस म्हणाली. "माझ्यामागून म्हण."

परतताना ऊन तिरपं झालं होतं. निशाण अर्डिसच्या मांडीवर, रस्त्यात खड्डा आला की घंटा किण् करी. मग लायल म्हणाला, "सगळं ऐकू आलं मला."

"काय?"

"तू म्हणालीस ते. एकेक शब्द. गाणं नसलं ना मधे, तर कालवाकालव होत नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर वळलो मी."

"बघितलं मी," अर्डिस म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तेवढ्यात त्याच्या फोनाची घंटी वाजली. अर्डिसनं उचलून पाहिलं. "तुझ्या कानातलं यंत्र विचारतंय. अपडेट आलंय म्हणे. आत्ता की नंतर?"

"नंतर."

"डुएनही दोन वर्षं 'नंतर'च म्हणत होता. मग काय झालं पाहिलंस ना?"

"पाहिलं ना," लायल म्हणाला. "तू गायलीस." त्यानं गाडीचा वेग जरा कमी केला, घरघर उतरली. "त्या गाईपासून म्हण."